साथ येण्यापूर्वीचे दिवस



आपल्या शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याची संधी मला मिळाली, हा मी माझा मोठा सन्मान समजतो. ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींच्या हाताखाली मी याच वास्तूत शिकलो. वडोदऱ्यात राहून मराठी माध्यमाची शाळा चालविणे म्हणजे काय असते, हे आपणांस ठाऊक आहे. त्यासाठी लागणारी चिकाटी त्यांच्याजवळ होती, आणि आज मी जो विषय घेऊन उभा आहे त्यालाही शेवटी चिकाटीच लागते.

आयुष्याची तीसहून अधिक वर्षे मी वैद्यकीय महाविद्यालयात सामाजिक व रोगप्रतिबंधक वैद्यक हा विषय शिकविला. हा विषय विद्यार्थ्यांना फारसा प्रिय नसतो. शस्त्रक्रियेत जे नाट्य आहे, ते नळाच्या पाण्यातील क्लोरिन तपासण्यात नाही. शिवाय शल्यविशारदाचे आभार मानायला बरा झालेला रोगी पेढे घेऊन येतो. परंतु ज्याला रोग झालाच नाही, तो कोणाचे आभार मानायला येणार? आमच्या यशाला चेहरा नसतो. अपयशाला मात्र हजारो चेहरे असतात, आणि ते एकाच आठवड्यात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर झळकतात.

विकसनशील आणि आपत्तिप्रवण प्रदेशांतील सार्वजनिक आरोग्य हा माझा विषय. तो फार विस्तृत आहे. बांगला देशातील चक्रीवादळे, ओरिसाचा किनारा, बिहारातील कोसी अशी कितीतरी नावे घेता येतील. मी मात्र येथून अवघ्या दीडशे किलोमीटरांवर असलेल्या एका शहराविषयी बोलणार आहे. ते शहर म्हणजे सुरत. तिच्या गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या इतिहासात या विषयाचे बहुतेक सारे धडे सापडतात.

प्रथम एक समज दूर केला पाहिजे. पूर किंवा भूकंप आला की पाठोपाठ साथ यायचीच, असे आपण धरून चालतो. मृतदेहांमुळे रोगराई पसरते, असेही मानतो आणि घाईघाईने सामुदायिक दहन-दफन उरकतो. वस्तुतः नैसर्गिक आपत्तीत मृत झालेल्यांच्या देहांपासून साथ उद्भवल्याचे क्वचितच आढळते. साथ येते ती जिवंत माणसांच्या हालांमुळे. पिण्याचे पाणी आणि मैलापाणी एकत्र झाले, छावणीत दाटी झाली, लसीकरण खंडित झाले, दवाखान्यातील औषधे भिजली, म्हणजे साथीला वाट मिळते. पूर तर कोठेही येतो. ज्या शहराची जलवाहिनी आणि गटार आधीपासूनच एकमेकींच्या कुशीत गळत असतात, तेथे तो रोग बरोबर घेऊन येतो. आपत्ती नवे दोष निर्माण करते त्यापेक्षा जुने दोष अधिक उघड करते. म्हणून साथीचा अभ्यास करावयाचा तर साथ येण्यापूर्वीच्या दिवसांपासून सुरुवात करावी लागते.

सुरतेचे ते दिवस कसे होते? १९६१ साली तीन लाखांच्याही आत असलेली या शहराची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत पंधरा लाखांच्या घरात गेली. यंत्रमाग, जरी, रेशमी व कृत्रिम धाग्याचे कापड आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याचा धंदा यांनी देशभरातून माणसे ओढून आणली. सौराष्ट्रातून हिऱ्याचे कारागीर आले, ओरिसातील गंजाम जिल्ह्यातून आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून मागावर काम करणारे आले. आपल्या खानदेशातूनही हजारो कुटुंबे आली आणि लिंबायत, उधना या भागांत स्थिरावली. तापी नदी भुसावळवरून जाते आणि सुरतेला समुद्राला मिळते. खानदेशी माणूसही त्याच वाटेने पोटासाठी खाली उतरला.

या माणसांच्या श्रमावर शहर श्रीमंत झाले, परंतु शहराच्या हिशेबात ती माणसे नव्हती. ज्या वस्त्यांत ती राहत, तेथे नळ नव्हता, गटार नव्हते, शौचकूप नव्हते. खाड्यांच्या काठी, पूररेषेच्या आत, मिळेल त्या जागी झोपड्या उभ्या राहिल्या. शहरात रोज निर्माण होणाऱ्या कचऱ्यापैकी निम्म्याच्या आसपासच उचलला जाई. उरलेला रस्त्यावर, नाल्यात आणि खाडीत सडे. हे सर्वांना दिसत होते आणि कोणालाही विशेष वाटत नव्हते. सवय झालेला धोका हा धोका वाटेनासा होतो.

१९९४ च्या पावसाळ्यात तापीला पूर आला. सखल वस्त्यांत पाणी साचून राहिले, गुरेढोरे, उंदीर-घुशी मेल्या. पाणी ओसरले, चिखल आणि कचरा तसाच राहिला. सप्टेंबरच्या मध्यास गणेशविसर्जनाची गर्दी झाली, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच वेड रोड परिसरातून तीव्र ज्वर, खोकला आणि रक्ताची थुंकी असलेले रोगी रुग्णालयात येऊ लागले. काहींचा तर काही तासांतच अंत झाला. फुप्फुसाचा प्लेग, हे शब्द उच्चारले गेले आणि शहर हादरले.

प्लेगचा जंतू अलेक्झांडर यर्सिन याने १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधून काढला होता. सुरतेची घटना त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी घडली. हा रोग मुळात उंदरांचा. मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसू माणसाला चावते, मग जांघेत किंवा काखेत गाठ येते. जंतू फुप्फुसात पोहोचला, की मात्र मध्यस्थ पिसवेची गरज उरत नाही. खोकल्याबरोबर उडणाऱ्या तुषारांतून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. उपचार न झाल्यास हा रोगी बहुधा वाचत नाही. परंतु लक्षणे दिसताच पहिल्या दिवसभरात स्ट्रेप्टोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन वर्गातील औषध सुरू केले, तर तो वाचतो. म्हणजे १८९४ आणि १९९४ यांत मूलभूत फरक होता. औषध आपल्या हातात होते.

आणि तरीही काय झाले? चार-पाच दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. रेल्वेच्या टपांवर, मालमोटारींत, मिळेल त्या साधनाने लोक निघाले. कितीतरी खाजगी दवाखान्यांना टाळी लागली. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. सुरतेतूनच काय, दूरदूरच्या शहरांतूनही. रुग्णालयातून रोगी पळू लागले म्हणून पहारा बसवावा लागला. आखाती देशांनी भारताची विमानवाहतूक थांबविली, निर्यातीला जबर फटका बसला. या साऱ्या हलकल्लोळात देशभरात मिळून नोंदले गेलेले मृत्यू किती होते? साठांच्या आत. प्रत्येक मृत्यू दुःखदच. परंतु त्याच वर्षी अतिसाराने आणि क्षयाने आपल्या देशात लाखो माणसे मेली, आणि त्यांच्यासाठी एकही विमान थांबले नाही.

त्या आठवड्यात सुरतेहून आलेल्या काही प्रवाशांशी मी येथे वडोदऱ्यात बोललो होतो. ती माणसे भित्री नव्हती. दिवसाचे बारा-बारा तास मागापुढे उभे राहणारी, संसार पाठीवर घेऊन परमुलखात आलेली ती माणसे होती. त्यांच्या बोलण्यातून एकच गोष्ट पुनःपुन्हा निघे: रोग कोणता, तो कसा पसरतो, औषध कोठे मिळेल, हे त्यांना कोणीही विश्वासाने सांगितले नव्हते. वस्तीतला डॉक्टरच कुलूप लावून गेलेला त्यांनी पाहिला होता. यानंतर आकाशवाणीवरून शांत राहण्याचे आवाहन झाले, त्याचा काय उपयोग? जे शहर एरवी आपल्या अस्तित्वाची दखल घेत नाही, ते संकटाच्या दिवशी आपली काळजी घेईल, असे त्यांना का वाटावे? त्यांचे पलायन हे त्यांनी व्यवस्थेला दिलेले उत्तर होते.

त्याच सुमारास महाराष्ट्रातही प्लेगच्या बातम्या येत होत्या. बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले होते. त्याच्या आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीचा भूकंप झाला होता. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. हादऱ्यांच्या भीतीने आसपासच्या प्रदेशातील लोकांनीही घरे सोडून उघड्यावर वस्ती केली. घरांत साठविलेले धान्य मागे राहिले आणि त्यावर उंदरांची प्रजा वाढली. रानातल्या आणि गावातल्या उंदरांचा संपर्क आला, असे स्पष्टीकरण त्या वेळी तज्ज्ञांनी मांडले. बीड आणि सुरत यांचा थेट संबंध सिद्ध झाला, असे मी म्हणणार नाही. परंतु भूकंपाचे परिणाम ढिगारे उपसल्यावर संपत नाहीत, आणि मदतीच्या यादीत तंबू व घोंगड्यांबरोबर धान्याच्या कोठाराचाही विचार हवा, एवढे यातून दिसते.

आणखी एक गोष्ट. भारतात १९६६ नंतर माणसातील प्लेगची नोंद झालेली नव्हती. रोग दिसेनासा झाला, तशी त्यावरील पाळतही सैल पडत गेली. म्हणून १९९४ मध्ये हा प्लेगच आहे का, याविषयी दीर्घकाळ वाद चालला. केंद्र सरकारने प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी जनुकीय तपासणीने तो प्लेगचाच जंतू असल्याचे दाखवून दिले, तेव्हा २००० साल उजाडले होते. शास्त्राला उशीर चालतो. आरोग्यव्यवस्थेला चालत नाही. न दिसणाऱ्या रोगावरची पाळत उठविणे म्हणजे चोरी झाली नाही म्हणून पहारेकरी काढून टाकण्यासारखे आहे.

मराठी माणसाला प्लेग हा शब्द उच्चारताच १८९७ आठवते. मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये गोव्याचे सुपुत्र डॉ. अकासियो व्हिएगश यांनी रोग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुण्यात प्लेग कमिशनर रँड यांच्या अधिकाराखाली सैनिक घराघरांत शिरले. माजघरे, देवघरे धुंडाळली गेली. परिणाम असा झाला, की लोक रोगी लपवू लागले, प्रेते लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री काय घडले, ते आपण शालेय इतिहासात वाचले आहे. त्याच्या स्वातंत्र्याच्या इतिहासातील स्थानाविषयी मी येथे बोलत नाही. वैद्य म्हणून मला एवढेच दिसते, की रोगाविरुद्धची मोहीम लोकांविरुद्धची मोहीम झाली आणि रोग जिंकला. त्या काळापासून पुढच्या पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात, दुसरेही एक उदाहरण घडले. सावित्रीबाई फुले यांनी आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या, साहाय्याने रुग्णसेवा आरंभिली. प्लेगने पछाडलेल्या मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात नेले, आणि त्यातच रोग जडून १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. सोजिराला पाहून ज्या घरांनी दारे लावली, तीच घरे सावित्रीबाईंना उघडी होती. आधीच्या पन्नास वर्षांत त्यांनी जे नाते जोडले होते, ते प्लेगच्या दिवसांत उपयोगी पडले. विश्वास हे असे औषध आहे, की ते साथीच्या दिवशी बाजारात मिळत नाही. आधी साठवून ठेवावे लागते.

आता पुन्हा सुरतेकडे येऊ. मे १९९५ मध्ये एस. आर. राव यांनी महानगरपालिकेचे आयुक्त म्हणून सूत्रे हाती घेतली. त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत जे घडले, त्याची पुष्कळ वर्णने झाली आहेत. १९९६ मध्ये ‘इन्टॅक’ या संस्थेच्या पाहणीत चंडीगडच्या खालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर म्हणून सुरतेचे नाव आले, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. त्याविषयी लिहिताना एका कर्तबगार अधिकाऱ्याची शौर्यकथा सांगण्याचा मोह होतो. रावांचे कर्तृत्व निःसंशय मोठे आहे; परंतु व्यक्ती बदलून जाते, म्हणून मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यांची कार्यपद्धती.

ती अगदी साधी होती. शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला निर्णयाचे आणि खर्चाचे अधिकार दिले. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सकाळी कार्यालयात न बसता रस्त्यावर हिंडावे, दुपारी एकत्र बसून पाहिलेल्या गोष्टींचा निकाल लावावा, असा दंडक घातला. वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामाकडे, अशा अर्थाची त्यांची घोषणा तेथे फार प्रसिद्ध झाली होती. बाजारपेठेचे रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. घाण करणाऱ्या उपाहारगृहांना आणि दुकानदारांना दंड झाला. अतिक्रमणे पाडताना सधन आणि वजनदार मंडळींचीही गय झाली नाही, म्हणून सामान्य माणसाने ती कारवाई सहन केली. झोपडपट्ट्यांत नळ, फरसबंदी आणि सार्वजनिक शौचालये पोहोचली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णालयांकडून, खाजगी दवाखान्यांकडून तापाच्या, हगवणीच्या, काविळीच्या रोग्यांची माहिती नियमितपणे गोळा होऊ लागली, शहराच्या निरनिराळ्या भागांतील नळाचे पाणी रोज तपासले जाऊ लागले.

हे तपासणे म्हणजे काय, ते येथे बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी सांगतो. ज्याला आपल्याकडे टी.सी.एल. म्हणतात, ती विरंजक पावडर पाण्यात घातली, की क्लोरिन जंतूंशी झुंजण्यात खर्ची पडते. सारे जंतू मारूनही ते थोडे उरले, तरच पाणी सुरक्षित. नळाच्या तोंडाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरिन हवे. क्लोरोस्कोपच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले, की ते पिवळे होते. पिवळे झाले नाही, तर पाण्यात क्लोरिन शिल्लक उरलेले नाही असे समजावे. पाच मिनिटांचे काम आहे. पण ते रोज करायचे आहे, आणि ते ज्या गल्लीत मोठ्या साहेबांचे घर नाही, त्या गल्लीत करायचे आहे.

या ठिकाणी मला गुरुजींची आठवण होते. ते पहिल्या तासाला स्वतः हजेरी घेत. कोणी सलग तीन दिवस आला नाही, तर संध्याकाळी त्याच्या घरी जात. एका पावसाळ्यात आमच्या वर्गातील एकाच आळीतले चौघे गैरहजर राहिले. चौघांच्याही घरी जाऊन आल्यावर गुरुजींनी नगरपालिकेत कळविले, आणि त्या आळीतील फुटलेला नळ सापडला. चौघांनाही कावीळ झाली होती. साथरोगशास्त्र मी पुढे महाविद्यालयात शिकलो. परंतु रोगपाळत म्हणजे काय, ते मी या शाळेच्या हजेरीपटावरून शिकलो होतो.

सुरतेची परीक्षा पुन्हा झाली. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली आणि उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले. १९७२ साली पूर्ण झालेल्या या धरणाकडून सिंचन, वीज आणि पूरनियंत्रण या तिन्हींची अपेक्षा. पहिल्या दोहोंसाठी ते भरलेले हवे, तिसऱ्यासाठी रिकामे. या ओढाताणीत शहराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याखाली गेला. शंभराहून अधिक माणसे दगावली. १९९४ पेक्षा हा पूर कितीतरी मोठा होता.

परंतु त्या पुरानंतर जे झाले नाही, तेही लक्षात घ्या. दुसरा १९९४ घडला नाही. उंदरांच्या मूत्रातून पुराच्या पाण्यात मिसळणाऱ्या जंतूंचा लेप्टोस्पायरोसिस हा रोग दक्षिण गुजरातेत दर पावसाळ्यात डोके वर काढतो. त्याचे रुग्ण तेव्हाही झाले. पण चिखल उपसला गेला, पाणी तपासले गेले, आरोग्यसेवक वस्त्यांत गेले, आणि लोकांनी शहर टाकून दिले नाही. ज्या यंत्रणेला रोज चालण्याची सवय होती, ती संकटाच्या दिवशीही चालली. पुढे वरच्या खोऱ्यातील पावसापासून शहरातील वॉर्डापर्यंत पुराची पूर्वसूचना पोहोचविण्याची साखळी जोडण्याचे कामही तेथे हाती घेण्यात आले.

येथेच थांबलो, तर ही कथा सुखान्त होईल. परंतु ती पुरी झालेली नाही. मार्च २०२० मध्ये कोविडची टाळेबंदी जाहीर झाली. सुरत स्वच्छ होती, रुग्णालये होती, संगणक होते. तरीही एप्रिलमध्ये तेथील परप्रांतीय मजूर मजुरी द्या, गावी जाऊ द्या, असे म्हणत रस्त्यावर उतरले. मे महिन्यात श्रमिक विशेष गाड्या सुटल्या आणि ते पुन्हा गेले. सव्वीस वर्षांपूर्वीच्या पलायनाशी याचे साम्य मला अस्वस्थ करते. एका खोलीत पाळ्यापाळ्यांनी झोपणारा, शिधापत्रिका गावी ठेवून आलेला, काम थांबले की दुसऱ्या दिवशी जेवणाची भ्रांत असलेला माणूस अद्यापही शहराच्या हिशेबाबाहेरच होता. सुरतेने कचऱ्याचा प्रश्न पुष्कळसा सोडविला. माणसाचा अर्धाच सोडविला. रस्ता झाडून झाला, तरी रस्त्यावर चालणारा आपला मानला गेला नाही, तर सार्वजनिक आरोग्यातील ‘सार्वजनिक’ हा शब्द अर्थहीन होतो.

आणि हा दोष एकट्या सुरतेचा समजू नका. आपल्या वडोदऱ्याकडे पाहा. सयाजीराव महाराजांनी आजव्याचे पाणी नळाने शहरात आणले, त्यास शतकाहून अधिक काळ लोटला. शुद्ध पाणी ही राज्याची जबाबदारी आहे, हा विचार त्यामागे होता. आज विश्वामित्रीचे काय झाले आहे? तिची कोतरे म्हणजे पुराचे पाणी सामावून घेणारी नैसर्गिक कोठारे. ती आपण भरून काढली, त्यांवर बांधकामे केली. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी पुन्हा धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेली. दोन्ही वेळा वसाहतींत मगरी शिरल्याची छायाचित्रे आपण कौतुकाने एकमेकांना पाठविली. मगर दिसते, म्हणून तिची बातमी होते. जलवाहिनीत शिरलेला जंतू दिसत नाही.

मग आपण काय करावयाचे? आयुक्ताची वाट पाहायची का? मी या शाळेपुढे आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांपुढे तीन छोटी कामे ठेवू इच्छितो. शाळेने हजेरीपटात गैरहजेरीचे कारण नोंदवावे, आणि एकाच वस्तीतील तीन मुले एकाच आजाराने घरी राहिली, तर त्याच दिवशी महानगरपालिकेच्या आरोग्य खात्यास कळवावे. दुसरे, विज्ञानाच्या तासाला नववीच्या मुलांनी आपापल्या घरचे नळाचे पाणी आणून क्लोरिन तपासावे व त्याचा तक्ता सूचनाफलकावर लावावा. नळी आणि औषध यांचा खर्च फारच थोडा आहे. तिसरे, पूर आला की बेघर माणसे आसरा घेतात ती शाळेतच. म्हणून वरच्या मजल्यावर पाण्याची टाकी, स्त्रियांसाठी स्वतंत्र शौचालये आणि प्रथमोपचाराची पेटी ही पावसाळ्यापूर्वी सज्ज असावीत. माजी विद्यार्थी संघाने स्नेहसंमेलनाच्या खर्चातून थोडे बाजूस काढले, तरी एवढे होईल.

आणि आणखी एक काम आहे, त्याला खर्च नाही. आपल्या परिसराची रोज पहाटे झाडलोट करणारी जी माणसे आहेत, त्यांची नावे आपण माहीत करून घ्यावीत. सुरतेत १९९४ साली शहर ओस पडले, तेव्हा मागे राहिलेल्यांत सफाई कामगार होते, परिचारिका होत्या, सरकारी रुग्णालयातील तरुण निवासी डॉक्टर होते. ज्यांना जाणे सर्वांत आवश्यक वाटावे, ते थांबले. त्यांना हातमोजे, गमबूट आणि लस वेळेवर मिळते का, हे विचारणे हा नागरिकाचा अधिकार आहे आणि त्याहून अधिक त्याचे कर्तव्य आहे.

पाऊस किती पडावा आणि भूमी कधी हलावी, हे आपल्या हाती नाही. परंतु पुढच्या पुरात या शहराचा कोणता भाग आजारी पडेल, हे आजही बरेचसे सांगता येते. कारण तेथील नळ आजच गळतो आहे आणि तेथील मूल आजच वर्गात गैरहजर आहे. साथ येण्यापूर्वीचे दिवस म्हणजे भूतकाळ नव्हे. आपण ज्या दिवसांत राहत आहोत, तेच ते दिवस असू शकतात.